पाठमोऱ्या गझानियांची मोहीम

अखंड उन्हाचे धनी सूर्यमहाराज उत्तरेस तळपत असता, दक्षिण गोलार्धी नामाक्वाभूमीतील रूइफाँटेन गावी फुलांचे जे थोर प्रकरण गुदरले, ते चर्चची घंटा वाजविणारे आम्ही खासा कुंपणास लटकून पाहिले, आणि तैसेच लिहितो. पदरचे घातले ते मिठापुरते.

आंटी द्रीका लिंक्स, उमर एकाहत्तर, यांणी पाऊस रुसल्या मुलखात रेती खणून, खडी घालून गझानिया फुलांची नारिंगी फौज उभी केली. पाण्याचे लाड नाहीत. हप्त्यास भांडी विसळल्याचा एक डबा, आणि जो फाजील पाणी घालील त्याचा हात धरावा, मग तो जावई का असेना. ऐसे असता फुलांच्या मुकाबल्यात सहा साल शिकस्त. सबब की, पंच पाद्रीणबाई कॉफीने फितूर होतील म्हणोन त्यांणी कोणा स्पर्धकाचे बागेत न शिरता कुंपणाबाहेरून पाहावे, ऐसा दस्तूर. आणि रस्ता दक्षिणेस. गझानिया बहुत इमानी, सूर्याखेरीज कोणास तोंड दाखवीत नाहीत. पंचांस दर साल पाठीच दिसत.

उत्तरेस शेजारी ऊम, म्हणजे काका, फ्लोरस यांचे अंगण. ते मुकाबल्यात नव्हते. परंतु सहा सालांमागे त्यांचे बोकडाने गझानियांवर छापा घातला, तैंपासून उभयतांत बोलणे बंद आणि बागेबाहेरील बोळातले मधले फाटक तारेने जखडलेले. यंदा हरलो तर बाग उपटून तेथे कपडे वाळत घालू, ऐसे आंटींनी जाहीर केले होते.

सप्टेंबर मासी, भर दुपारी, पाद्रीणबाई रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पानं छान आहेत हो, आंटी.”

पानं! आंटींचे मस्तकी तिडीक गेली, आणि मग त्या फाटकाशी जाऊन गरजल्या, “फ्लोरस! फाटक उघड! पाद्रीणबाईंना तुझ्या अंगणात उभं करायचंय!”

“कोण बोलतंय? सहा वर्षांत ऐकला नाही बुवा हा आवाज.”

“आता ऐकलास ना?”

“आणि आमच्या बोकडाला माफी?”

“त्याला दिली. तुझं बघू.”

पक्कड आली, तार तुटली, आणि पाद्रीणबाई पलीकडे जाऊन वळल्या तो समोर सारी नारिंगी फौज तोंड वर करून उभी. हातची पेन्सिल गळाली. “अगं बाई!” इतकाच निवाडा त्यांचे मुखातून निघाला.

आंटींची नजर मात्र फ्लोरसांचे खिडकीखालच्या खुर्चीवर. खुर्चीचे तोंड कुंपणाकडे, पाय वीतभर रेतीत रुतलेले.

“ही इथे कशाला रे?”

“दुपारची कॉफी इथेच घेतो मी, रोज. फुलं सहा वर्षं माझ्याकडेच बघतायत, द्रीका. तूच तेवढी पाठ फिरवून बसलीस.”

आंटींनी हाताने त्या खुर्चीवरची रेती झटकली. गावात ऐसे पूर्वी घडल्याचे कोणास स्मरत नाही.

येणेप्रमाणे इनामाची निळी किटली फत्ते जाहली, बाग राहिली, बोकड दाव्याने बांधला. आणि दुसरे रोजी दुपारी आंटी ती किटली घेऊन, आपली खुर्ची स्वतः उचलून, फाटकातून पलीकडे गेल्या. रुजू, घंटावाला.