बघण्यापुरता मनोरा

खारतळी गावात मोबाईलची रेंज नाही, ही बाब शासनाच्या लक्षात यायला बराच काळ लागला. कारण ती कळवायला गावात रेंज नव्हती.

गाव राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या पुढे. एका बाजूला खाडी आणि तिन्ही बाजूंना कातळाचं उंच पठार, म्हणजे सडा, अशा खळग्यात बसलेलं. कुणाला फोन करायचा तर सडा चढून करवंदीच्या एका जाळीपाशी जावं लागे. त्या जाळीपाशी उभं राहून गावाने लग्नं जमवली, मयती कळवल्या आणि मुंबईतल्या भावकीशी जमिनीची भांडणं चालू ठेवली. मागल्या पावसात रावजी गुरवाला विषारी फुरसं चावलं, तेव्हा साठी उलटलेले उपसरपंच गनी सोलकर पाखाडीच्या निसरड्या दगडी पायऱ्यांवरून धावत सड्यावर गेले. रुग्णवाहिका आली, रावजी वाचला. पण उशीर झाला तो झालाच, पाय कायमचा अधू झाला. रावजीला बघून परत येताना सरपंच निशिगंधा नार्वेकर गनीभाईंना म्हणाल्या, "आता गावात टॉवर आणायचाच."

कंपनी चक्क तयार झाली. तिचा इंजिनिअर आला, मान वर करून तिन्ही बाजूंचा सडा बघितला आणि म्हणाला, "छत्तीस मीटर उंच लागेल. त्याच्या खाली बांधला तर रेंज कातळावर आपटून परत येईल."

इथे अडचण निघाली. जिल्ह्याच्या विकास आराखड्यात खारतळी 'निसर्गसौंदर्य पट्ट्या'त मोडत होती. सड्यावर एक 'सूर्यास्त दर्शन स्थळ' दाखवलं होतं आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात पंधरा मीटरपेक्षा उंच काही उभारायला मनाई होती. हे स्थळ नेमकं कुठे आहे, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. गावातले माड वीस-वीस मीटर उंच होते. पण त्यांना परवानगी लागत नसल्यामुळे ते बेधडक वाढले होते. टॉवरला मात्र उंचीची खास सवलत हवी होती आणि ती रत्नागिरीच्या उंची शिथिलता कक्षातून मिळत असे. हा कक्ष तळमजल्यावर, जिन्याखाली होता.

कक्षाचे प्रमुख बारस्कर वाईट माणूस नव्हते. त्यांनी निशिगंधाताई आणि गनीभाईंना बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"सवलत मागता, म्हणजे अडचण असली पाहिजे," ते म्हणाले. "अडचण काय?"

"रेंज नाही," निशिगंधाताई म्हणाल्या.

"पुरावा?"

"नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा आणायचा, साहेब?"

"सोपं आहे. आमचं अ‍ॅप आहे. गावात उभं राहून बटण दाबायचं. रेंज नसेल तर अ‍ॅप तसा संदेश आमच्याकडे पाठवतं."

गनीभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सायेब, रेंजच नाय तर ते पाठवील कसा?"

"नाहीच पाठवत," बारस्कर शांतपणे म्हणाले. "आणि संदेश आला नाही की रेंज आहे असं आम्ही गृहीत धरतो. आजवर या जिल्ह्यातून एकही संदेश आलेला नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

निशिगंधाताईंनी रावजीच्या पायाची हकिगत सांगितली. बारस्करांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी अ‍ॅपऐवजी ग्रामसभेचा ठराव चालवून घ्यायचं कबूल केलं. "मात्र दृश्य परिणाम चाचणी करावी लागेल," ते म्हणाले. "जेवढा टॉवर, तेवढ्याच उंचीचा एक तात्पुरता खांब उभा करा. टोकाला दुरून ठळक दिसेल असं कापड बांधा. मी सूर्यास्त दर्शन स्थळावरून बघेन, सौंदर्याला बाधा येते का ते. अहवाल होईपर्यंत खांब हलवायचा नाही."

खांबाचं काम अवघड नव्हतं. होडीवर डोलकाठी चढवणाऱ्या गावाला सरळ उभं काही करणं जमतं. पोफळी एकमेकींना जोडल्या, चारी बाजूंनी मासेमारीचे दोर ताणले आणि बाळा पाडेली, जो एरवी माडांवरून नारळ पाडायचा, तो टोकापर्यंत चढून कप्पी बसवून आला. खांब दुपारपर्यंत उभा राहिला. कापडाला मात्र आठवडा लागला.

कापड कुठल्या रंगाचं, यावर ग्रामसभा बसली. भगवं म्हटल्यावर एका आळीने माना खाली घातल्या, हिरवं म्हटल्यावर दुसरीने. निळ्यावर तिसरी आळी खूश झाली, म्हणून बाकीच्या दोन्ही गप्प झाल्या. लाल म्हणजे धोका, पांढरं म्हणजे गाव शरण आलं, काळं म्हणजे निषेध. आणि निषेध करावा असं अजून कक्षाने काही केलं नव्हतं. टॉवरला एकमताने पाठिंबा देणारं गाव फडक्यावरून फुटायला आलं. शेवटी आनंदीबाई गुरव, म्हणजे रावजीची आई, उठून घरी गेल्या आणि आपलं जांभळं, मोठमोठ्या पिवळ्या फुलांचं लुगडं घेऊन आल्या.

"ह्यात कुणाचा पक्ष दिसता काय?" त्यांनी विचारलं.

कुणाचाच दिसत नव्हता. लुगडं वर चढलं आणि खाडीच्या वाऱ्यावर असं काही फडफडू लागलं की पलीकडच्या गावातली माणसं चौकशीला आली.

बारस्कर आले. नकाशा हातात धरून सड्यावर तासभर हिंडल्यावर सूर्यास्त दर्शन स्थळ निवडुंगाच्या मधोमध निघालं. तिथे शिरून, पँट फाटू न देता, त्यांनी खांबाकडे बघितलं आणि अहवालात लिहिलं, 'दृश्य परिणाम: अत्यंत ठळक.'

"म्हणजे चांगलं ना?" निशिगंधाताईंनी विचारलं.

"नाही. ठळक परिणाम असेल तर सवलत देता येत नाही."

"पण ठळक कापड तुम्हीच सांगितलंत!"

"हो, आणि त्या अटीची तुम्ही उत्तम पूर्तता केलीत. ते मी स्वतंत्रपणे नोंदवलंय." मग ताईंचा उतरलेला चेहरा बघून बारस्करांनी आवाज खाली आणला. "मी वर लिहितो, की टॉवर राखाडी असेल, लुगडं नेसणार नाही. निर्णय होईपर्यंत खांब मात्र तसाच ठेवा."

खांब तसाच राहिला आणि तिथून गोष्ट बिघडली. वाऱ्याने लुगडं कप्पीत अडकलं, ते सोडवायला बाळा वर चढला, तर टोकावर असताना त्याचा फोन वाजला. डोंबिवलीहून त्याचा मेहुणा होता. खाली सारं गाव माना वर करून उभं, आणि बाळा एका हाताने पोफळ धरून मेहुण्याला सांगतोय, "आता नको बोलू रे, मी लय वर हाय!"

दुसऱ्या दिवशी गनीभाईंनी आपला जुना फोन लोणच्याच्या प्लास्टिक बरणीत घातला, त्याचं वायफाय हॉटस्पॉट चालू केलं आणि झेंडा चढवावा तशी बरणी कप्पीवरून वर चढवली. खालच्या सगळ्या फोनांत एकदम जीव आला. टुंग-टुंग-टुंग असे कित्येक महिने अडलेले संदेश कोसळू लागले. कुणाला दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, कुणाला दोन वर्षांपूर्वी ठरलेल्या आणि मोडलेल्याही लग्नाची पत्रिका आली. संध्याकाळी बरणी उतरवायची, फोन चार्ज करायचा आणि सकाळी पुन्हा चढवायची, हे काम गाव आळीपाळीने करू लागलं. त्यासाठी सभा घ्यावी लागली नाही.

ह्याच दिवसांत गनीभाईंची मुलगी झोया बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एका दुपारी दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या, अंगावरून जायला लागलं. गनीभाई बंदरावर होते. त्यांची बायको शरीफा घरात एकटी. तिने ओट्यावर येऊन खांबाकडे बघितलं, बरणी वर असल्याची खात्री केली आणि वायफायवरून रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी वेळेत आली. राजापूरला डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघांपैकी एकच हाती लागलं असतं. झोयाला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

ही बातमी 'लुगड्याच्या खांबाने वाचवले दोन जीव' अशा मथळ्याने एका स्थानिक वर्तमानपत्रात आली. बारस्करांनी ती वाचली, मनापासून आनंद व्यक्त केला आणि दोन नोटिसा काढल्या.

निशिगंधाताई आणि गनीभाई पुन्हा जिन्याखाली येऊन बसले.

"पहिली नोटीस अशी," बारस्कर म्हणाले, "की गावातून रुग्णवाहिकेला फोन लागला आणि ती वेळेत पोहोचली. म्हणजे अडचण उरली नाही. अडचण नसेल तर सवलत कशाची?"

"आणि दुसरी?"

"तुम्ही छत्तीस मीटर उंचीचा संपर्क मनोरा विनापरवाना चालवताय."

"अहो, तो तुम्हीच उभा करायला लावलात!"

"बघण्यासाठी, सरपंचबाई. बोलण्यासाठी नव्हे."

गनीभाई पुढे सरकले. ते म्हणाले, "सायेब, माझी नात हाय ती. तुमच्या कागदात ती अडचणीत मोडते का सोयीत?"

बारस्करांनी चष्मा काढून पुसला. "खांब उतरवा," ते हळू आवाजात म्हणाले. "बरणी गेली की अडचण परत येईल. अडचण आली की मी शिफारस लिहितो. माझ्या हातात एवढंच आहे."

खांब उतरला. आनंदीबाईंनी लुगडं धुऊन घडी घालून ठेवलं. फोन पुन्हा मुके झाले, माणसं पुन्हा सडा चढू लागली आणि शासकीय दृष्टीने खारतळी पूर्ववत झाली.

बारस्करांनी शब्द पाळला. शिफारस गेली, वरून मान्यता आली. 'सवलत देण्यास हरकत नसावी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. राहिला फक्त उपचार: जनतेच्या हरकती मागवायच्या, त्यांची मुदत संपली की सुनावणी आणि आदेश. हरकती आणि पाठिंबा, दोन्ही ऑनलाइन. गावाला पाठिंबा नोंदवायला सड्यावर जावं लागलं असतं. पण त्या महिन्यात पाऊस असा कोसळत होता की पाखाडीवर पाय ठरत नव्हता. शिवाय आपल्याच गावातल्या टॉवरला हरकत घेणार कोण, म्हणून सगळे निर्धास्त राहिले.

सुनावणीला दोघं नवे कपडे घालून गेले. बारस्करांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"पाठिंबा: शून्य," ते म्हणाले. "हरकती: अकरा हजारांच्या वर."

गनीभाईंना वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. "आमच्या गावात माणसांच हजार नायत!"

झालं होतं असं. खांब उभा असताना कुणा पर्यटकाने सड्यावरून फोटो काढला होता. तांबडं आकाश, काळे माड आणि मधोमध तो उंच खांब. हरकती मागवल्यावर त्याने तो नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'इथे अवाढव्य टॉवर येतोय. कोकण वाचवा. हरकतीसाठी इथे दाबा.' पुण्यातून, ठाण्यातून, नाशकातून, थेट न्यू जर्सीहून लोकांनी दाबलं होतं. एकाने सोबत लिहिलंही होतं, 'त्या बाजूला एकदा गेलो होतो. दोन दिवस फोन वाजला नाही. स्वर्ग!'

"ही कोण माणसं?" निशिगंधाताईंनी विचारलं.

"कोकणावर प्रेम करणारी," बारस्कर म्हणाले. "एवढ्या हरकती असल्यावर माझ्या हातात काही राहत नाही. अर्ज नामंजूर."

निशिगंधाताईंनी हरकतींपैकी एकाचा नंबर मागितला. सुनावणी जाहीर होती, देता येत होता. रत्नागिरीत रेंज छान होती, फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"नमस्कार, मी खारतळीची सरपंच बोलतेय. तुम्ही आमच्या टॉवरला हरकत घेतलीय?"

"खारतळी?" पलीकडचे गृहस्थ गोंधळले. आवाज सुसंस्कृत, मृदू होता. "हां, असेल. मी असं काही चांगलं आलं की दाबतो. आपली जबाबदारीच आहे ती. कुठे आलं हे?"

"राजापूर तालुक्यात. खाडीला लागून."

"अरे वा! नाहीतरी आम्ही दिवाळीत कुठेतरी शांत ठिकाण बघतच होतो. राहायची सोय आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या. "घरगुती."

"मासे वगैरे?"

"ताजे."

"उत्तम! फक्त एक सांगा," गृहस्थ म्हणाले, "तिथे नेटवर्क आहे ना? नाही म्हणजे, आई बरोबर असते, तिची तब्येत नाजूक. वेळप्रसंगी डॉक्टरला फोन लागला पाहिजे. जिथे रेंज नसते तिथे आम्ही जातच नाही."

बारस्करांनी आदेशावर सही केली.

त्या गृहस्थांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. त्यांचा तसा काही दोष नव्हता. अकरा हजारांतला पहिला हाती आलेला नंबर ताईंनी लावला, एवढंच. तो फोन तुम्हालाही लागला असता. आणि तुम्ही नक्कीच त्यांच्याइतक्याच आपुलकीने बोलला असतात.