हौगांगचा नेपच्यून

उज्ज्वल जुरोंग आयलंडवरच्या प्लँटमध्ये अडकला आणि हौगांगच्या फ्लॅटमध्ये नेपच्यूनची जागा रिकामी झाली.

"बाबा, रात्रीपासून पंप बंद पडलाय, मला सोडत नाहीत," तो फोनवर म्हणाला. "अंजलीही लॅबमध्ये अडकलीय. क्षिप्राचं तेवढं तुम्हीच बघा."

"बघायचं म्हणजे काय करायचं?"

"देव व्हायचं."

रावसाहेबांनी फोन कानापासून दूर धरून एकदा नीट पाहिला. लातूरकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवता शिकवता ते मुख्याध्यापक झाले होते. तरुणपणी त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि तेव्हापासून देव या विषयाशी त्यांचा संबंध नव्हता. रोमच्या देवांचं नाव त्या प्रतिज्ञांमध्ये नव्हतं हे खरं, पण मथितार्थ तोच.

क्षिप्राच्या शाळेत रोमन देवांचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाला देव बनवून आणायचं आणि वर्गापुढे त्याची ओळख करून द्यायची. क्षिप्राच्या वाट्याला समुद्राचा देव आला होता. गणवेश घालून ती टेबलाशी दूध पीत बसली होती. आजोबा लातूरहून इथे परदेशात येऊन दोन महिने झाले, तरी पाहुण्याशी बोलावं तसंच ती त्यांच्याशी बोलायची.

"तुझे आजोबा देव मानत नाहीत, ठाऊक आहे ना तुला?" रावसाहेब म्हणाले.

"नेव्हर माइंड, आजोबा," पेल्यात बघतच ती म्हणाली. "आय टेल टीचर, नोबडी कमिंग."

तो 'नोबडी' ऐकून रावसाहेबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"किती वाजता यायचं आहे?" त्यांनी विचारलं.

ती शाळेत गेल्यावर त्यांनी फोनवर नेपच्यूनची सगळी माहिती वाचून काढली. तयारी न करता वर्गावर जायची त्यांना सवय नव्हती. मग अंजलीने शिवलेला निळा झगा चढवला, कापसाची दाढी डिंकाने चिकटवली आणि पुसणीच्या दांड्याला पुठ्ठा नि चंदेरी कागद लावून केलेला त्रिशूळ हातात घेतला. शाळेत जाऊन कपडे बदलणं मुख्याध्यापकाला शोभणार नाही, म्हणून घरूनच देव होऊन निघाले.

बसमध्ये चढताच पुढच्या सीटवरच्या तमिळ आजीबाईंनी त्रिशूळ पाहिला आणि हात जोडून उठून उभ्या राहिल्या.

"नो, नो," रावसाहेब घाईने म्हणाले. "नेपच्यून. रोमन."

"रामन?" आजीबाई कानाने जरा अधू असाव्यात. हातात शंकराचा त्रिशूळ आणि नाव रामाचं, यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि चूक नको म्हणून दोघांनाही वेगवेगळा नमस्कार केला. मग आपल्या सीटकडे हात दाखवला.

"यू सिट, माताजी."

"यू सिट, सामी."

देव उभा असताना आजीबाई बसेनात आणि म्हातारी बाई उभी असताना रावसाहेब बसेनात. दोघंही दांड्याला धरून हेलकावे खात राहिले. सीट रिकामीच धावत होती. या आग्रहात शाळेचा स्टॉप मागे गेला, हे रावसाहेबांना चांगले तीन स्टॉप पुढे गेल्यावर कळलं.

उतरून ते उलट चालू लागले. उन्हाने डिंक पाघळला, दाढी एका बाजूने सुटली. वाटेत एक बालवाडी लागली. फाटकाशी एक चिमुरडा आईचा पाय धरून आकांत करत होता. रावसाहेबांना पाहून त्याने रडणं मध्येच थांबवलं.

"सँटा," तो म्हणाला.

त्याच्या बाईंनी रावसाहेबांकडे अशा काकुळतीने पाहिलं, की उभा जन्म शाळेत काढलेल्या माणसाला ती नजर परकी वाटली नाही. त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. पोराने त्रिशुळाचं एक टोक धरलं, ते तुटून त्याच्या हातात आलं आणि ते घेऊन तो खुशीत आत पळाला. आईने रावसाहेबांचे हात धरून आभार मानले. ऐन सप्टेंबरात सँटा कुठून आला, हे कुणी विचारलंच नाही.

ते शाळेच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा क्षिप्रा स्टेजवर एकटीच उभी होती. तिच्या वर्गशिक्षिका मिस टान तिला हलकेच खाली बोलावत होत्या. धापा टाकत, एका कानाला लोंबकळणारी दाढी सावरत रावसाहेब स्टेजवर चढले.

"दॅट वन फोर्क, लाह," पुढच्या रांगेतला एक मुलगा त्रिशुळाच्या उरलेल्या दोन टोकांकडे बोट दाखवून म्हणाला. मुलं हसली. क्षिप्राची मान खाली गेली.

"आर यू रिअली गॉड?" त्याच मुलाने विचारलं.

सकाळपासून रावसाहेब देवपण नाकारत आले होते. क्षिप्राच्या खाली गेलेल्या मानेकडे त्यांनी पाहिलं.

"येस," ते म्हणाले. "आय अ‍ॅम नेपच्यून."

मग सावकाश, वर्गात बोलत तशा इंग्रजीत, त्यांनी सांगायला सुरुवात केली. समुद्र माझ्याकडे नंतर आला. आधी मी झऱ्यांचा देव होतो. ऐन उन्हाळ्यात रोमचे लोक डहाळ्यांचे मांडव घालून माझा सण करायचे, तेव्हा त्यांना पाण्याचीच काळजी असायची.

"यू गिव्ह हूम?" मुलगा आता हसत नव्हता.

"सगळ्यांना. तळ्यावर आलेल्या कुणालाही तहानलेलं परत पाठवायचं नाही, हा माझा नियम आहे."

हे मात्र त्यांनी सकाळी फोनवर वाचलेलं नव्हतं.

क्षिप्राने मान वर केली. पुढे येऊन तिने टाचा उंचावल्या आणि त्यांची दाढी नीट कानामागे अडकवली.

"धिस इज माय आजोबा, नेपच्यून," तिने ठणकावून सांगितलं. "ही केम बाय बस."

परतताना तिने आजोबांचं बोट सोडलं नाही. आजीबाई आणि सँटाचा किस्सा तिने दोनदा सांगायला लावला आणि दुसऱ्यांदा मराठीत प्रश्न विचारले.

संध्याकाळी उज्ज्वल आला तो अपराधी चेहऱ्यानेच. "पुढच्या वेळी मी येणार, नक्की."

"नो नीड, पपा. आजोबाच पाहिजेत," क्षिप्रा म्हणाली. "पुढच्या महिन्यात प्लूटो आहे."

उज्ज्वलचा चेहरा पडला. रावसाहेब मात्र मिशीत हसले. देव होणं त्यांना आता तितकंसं कठीण वाटत नव्हतं.

"हा प्लूटो काय बघतो?" त्यांनी विचारलं.

"डेड पीपल. मेलेली माणसं त्याच्याकडे जातात."

रावसाहेबांनी त्रिशूळ उचलून उज्ज्वलच्या हातात दिला.

"ते उज्ज्वललाच दे, बाळा," ते म्हणाले. "मला त्या खात्याची घाई नाही."