अर्धा पूडल, अर्धा लॅब्राडोर

रंगाच्या दुकानात सात वर्षं छटा मिसळून देणाऱ्या बाईला अर्धं-अर्धं म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको होतं. पांढऱ्यात मोजून निळा घातला की ठरलेला आकाशी उतरणार. आज, उद्या, केव्हाही. म्हणून तिने जेवताना नवऱ्याला ठणकावून सांगितलं की आपण कुत्रा आणतोय.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यांची सहा वर्षांची लेक भिंगरी शेजारच्यांच्या कुत्र्याजवळ पाच मिनिटं बसली, तरी डोळे सुजवून, छातीत शिट्ट्या घेऊन परत यायची. आणि तिला जगात हवा होता तो फक्त कुत्रा.

तेच तर, ती म्हणाली. पूडलचे केस गळत नाहीत, लॅब्राडोरचा स्वभाव लोण्यासारखा. दोघांचं मिश्रण आणायचं. केस त्याचे, माया याची. उलटं झालं तर, असं नवऱ्याने विचारलं. त्यावर तिने त्याच्याकडे अशा काही दयेने पाहिलं की बिचाऱ्याने हातातला घास तोंडात घातला.

पिल्लं विकणाऱ्या बाई प्रामाणिक होत्या. आईबाप दोघंही आधीच मिश्र, म्हणून सहाही पिल्लं सहा तऱ्हांची निघालीत, असं त्यांनी बजावलं. केसांचा त्रास असेल तर तो कुरळा बघा, आणि मुलीला आधी दोन-चारदा आणून बसवा. पण तोवर सरळ केसांचं एक पिल्लू भिंगरीच्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं होतं, आणि बूट हलू नये म्हणून भिंगरी श्वास रोखून उभी होती.

“सगळी एकाच डब्यातली तर आहेत,” आई म्हणाली. सरळ केसांचं पिल्लू घरी आलं.

काही महिने सुखात गेले. मग ते गळू लागलं. गळू लागलं म्हणजे काय, एका कुत्र्यातून रोज दुसरा कुत्रा निघायचा! सोफ्यावर केस, दुधात केस, नवऱ्याच्या ऑफिसच्या फायलीत केस. वर हट्ट पूडलचा आणि भूक लॅब्राडोरची.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं. “मिश्र आईबापांकडे दोन्हीकडच्या चिठ्ठ्या असतात. कुठल्या पिल्लाला कुठली लागेल, कोण सांगणार? केसांच्या बाबतीत याला सगळ्या लॅब्राडोरच्याच लागल्यात. कुरळा आणला असता तरी खात्री नव्हतीच म्हणा.”

पण भिंगरी शिंकत नव्हती ना! एकदाही नाही. डॉक्टरांना काय कळतंय, असं ती नवऱ्याला ऐकवतही होती.

मग एका दुपारी तिने टॉवेलसाठी कपाट उघडलं. आत गोधडीत तोंड खुपसून भिंगरी बसलेली. डोळे लाल, छातीत शिट्ट्या. बाहेर पिल्लू शेपटी हलवत राखण करत होतं.

“मी नाही शिंकले, आई,” भिंगरी म्हणाली. “तो शिंकला.”

किती दिवस ती शिंकायला कपाटात जात होती, हे विचारायची हिंमत आईला झाली नाही.

पिल्लू दोन गल्ल्या पलीकडे सासूबाईंकडे गेलं. कुत्रं उंबऱ्याच्या आत नको म्हणणाऱ्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःची खुर्ची दिली. आता दुकानातून सुटल्यावर आई रोज तिकडे जाते, कारण खबर कोणीतरी आणायला हवी. घरी आली की कपडे थेट बादलीत आणि आधी डोक्यावरून आंघोळ. मगच लेकीला जवळ घ्यायचं. भिंगरी न्हाणीघराच्या दाराशी बसून आतल्या आईकडून सगळं वदवून घेते. काय खाल्लं, कोणावर भुंकला, माझं नाव घेतलं की कान हलवले का.

काल आई ओल्या केसांनी बाहेर आली. भिंगरीने तिच्या मानेत नाक खुपसलं, खूप वेळ हुंगलं. नुसता साबण.

“उद्या जरा कमी घास ना, आई,” ती म्हणाली. “मी एकदाच शिंकेन.”