विशे मास्तरांचा अपस्करणांक

आयुष्यभर इतरांचे निबंध तांबड्या शाईने तपासणाऱ्याने उतारवयात स्वतः लेखणी उचलावी, हे धार्ष्ट्यच होय. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु मुरबाडच्या शाळेत माझ्याबरोबर असलेल्या, विज्ञान शिकवणाऱ्या विशे मास्तरांविषयी आजवर कोणीच काही लिहिलेले नाही, आणि अधिक लायक लेखकाची वाट पाहत बसण्याइतके वय माझ्यापाशी उरलेले नाही.

विशे मास्तरांना कोणी काचेच्या पेल्यातून पाणी दिले, तर ते लगेच पीत नसत. आधी पेला उन्हात धरून सावकाश फिरवीत. "घासलाय वो मास्तर, राखेनं घासलाय!" असे घरची बाई कळवळून म्हणे. मास्तर घाण शोधतच नसत. टोकावड्याला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हाही त्यांनी पेला खिडकीशी नेला आणि मान हलवून म्हणाले, "फार फाकतो." मुलीच्या वडिलांनी निमूटपणे सगळे पेले आत नेले आणि पितळी फुलपात्रे आणली. लग्न मात्र ठरले.

फाकतो तो प्रकाश. पांढरा प्रकाश काचेतून जाताना त्याचे रंग सुटे होतात. कोणती काच रंग किती फाकवते, हे सांगणाऱ्या आकड्याला मास्तर 'अपस्करणांक' म्हणत. त्यातली गंमत अशी, की अंक जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात.

"मास्तर, अंक मोठा नि रंग कमी? ह्यो कसला न्याय?" असे वर्गातले एखादे पोर दरवर्षी विचारी.

"मोठ्यानं कमी पसरावं, हा न्याय!" मास्तरांचे उत्तर ठरलेले.

हाच न्याय ते माणसांनाही लावीत. हेडमास्तरांचे भाषण लांबले, की माझ्या कानाशी लागून म्हणत, "अंक उतरला!" कंदिलाची चिमणी, बांगडी, औषधाची बाटली, काहीच त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. मी मराठीचा शिक्षक. मला त्यातले फारसे कळत नव्हते. पण एका आकड्यावर इतकी निष्ठा मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, आणि मला तिचा हेवाच वाटे.

त्यांच्या पत्नी जानकीवहिनी शेणवे गावच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चुलीतला जाळ त्यांना हाताला लागल्यावरच कळे. कल्याणला शस्त्रक्रिया झाली आणि जाड भिंगांचा चष्मा आला. वहिनी हिंडूफिरू लागल्या. मास्तरांनी मात्र तो चष्मा डोळ्यांपुढे धरला आणि ते खालीच बसले. दाराच्या चौकटीला एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने निळी कड दिसत होती.

"ही काच आहे की जत्रा? माझ्या घरात? तिनं जन्मभर असं खोटं बघायचं?"

जन्मात रजा न घेणाऱ्या मास्तरांनी रजा घेतली. सोबतीला मला ओढले. कल्याणच्या चार दुकानांतून निराश होऊन आम्ही मुंबईला गेलो. तिथला दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "मास्तर, आपल्याला चष्मा हवाय की भिंगाची जन्मपत्रिका?"

"पत्रिकाच. संसार तिचा आहे," मास्तर म्हणाले.

अखेर मनाजोगी काच मिळाली. तिच्यातून पाहिले तर चौकटीची कड जवळजवळ कोरी दिसे. चष्मा तयार होऊन आला त्या संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम चहाला बोलावले. वहिनींनी तो लावला आणि घरभर पाहिले.

"नीट दिसतं ना?"

"दिसतंय."

"मग तोंड का उतरलं?"

"काय नाय."

"अगो, बोल तरी!"

वहिनींनी माझ्याकडे पाहून पदर सावरला. "भावजी, हसू नका. डोळे गेले तवा सगलं राखेवानी दिसं. मंग तो पयला चष्मा आला. उंबऱ्याला काठ, तांब्याला काठ. ह्ये पांढऱ्या धोतरात दारात उभे ऱ्हायले, तर ह्यांना पन काठ. तांबडा नि निला. लगनातल्या उपरण्यावानी." त्यांनी नवा चष्मा उतरवून मांडीवर ठेवला. "आता ह्ये पुना कोरे झाले."

मास्तर उठले, फडताळातून जुना चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि आपल्या हातांनी वहिनींच्या कानांवर चढवला. नंतर, वय विसरून, दारात जाऊन ताठ उभे राहिले.

"आला का गो?"

"आला," वहिनी म्हणाल्या. "जरा डावीकडं सरा. हां. आता दोनी बाजूंनी आला."

माझा चहा निवून गेला होता. शाळेत हे मी कोणाला सांगितले नाही. नवा, निर्दोष चष्मा फडताळात पडून राहिला आणि वहिनी अखेरपर्यंत सदोष काचेतूनच जग पाहत राहिल्या. विज्ञानाच्या शिक्षकाने हे करायला नको होते, असे कोणी म्हणेलही.

वाचकहो, तुम्ही त्यांच्या जागी असता, तर कोणता चष्मा दिला असता?