नानांची पहिली नीलामी

आमच्या शेजारचे नाना पोस्टाच्या तिकिटाचासुद्धा भाव करतात. काउंटरवाला तिकिटावरची छापील किंमत दाखवतो, तर नाना मान तिरकी करून म्हणतात, “ठीक ठीक लगाओ भिया!” ही नक्कल मी इतकी हुबेहूब काढतो की भाजीवाली मलाच दोन रुपये कमी करते.

रिटायर झाल्यावर एक दिवस नानांनी जाहीर केलं, “आता मी इन्वेस्टर!” त्यांच्या भिंतीला लागून असलेलं, पाच वर्षं कुलूप पडलेलं घर नीलामीत निघालं होतं. तेच घ्यायचं. मला म्हणाले, “गाडी काढ. आणि तिथं माझी नक्कल नको.”

धारच्या कचेरीत साहेबांनी बोली उघडली. “पंद्रह लाख!”

नाना उठले. “बारह.”

“अंकल, यहाँ ऊपर जाना है.”

“ऊपर तो सबको जाना है भिया, पर ठीक ठीक लगाओ.”

हॉल खो खो हसला. मी नानांना खाली ओढलं, कानात सांगितलं की नाना, इथं भाव चढवायचा असतो. मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण घर हवं होतं! आयुष्यात पहिल्यांदा नानांनी भाव वाढवला. पुढच्या रांगेत हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला एकजण तेवढाच चिवट. पंधराचे सोळा झाले, सोळाचे सतरा. 

मग नाना सरळ उठून त्या माणसापाशी गेले. “रहोगे, या ताला डालोगे?”

“रहेंगे, अंकल. माँ है, बीवी है, दो बच्चियाँ हैं.”

“बच्चियाँ हल्ला-गुल्ला करती हैं?”

तो कानकोंडा झाला. “थोड़ा-बहुत. समझा देंगे उनको.”

“ना ना, मत समझाना.”

नाना परत येऊन बसले. साहेबांनी तीनदा विचारलं. नाना गप्प. घर हेल्मेटवाल्याला गेलं.

परतताना मी चिडलोच. “नाना, हातात आलेलं घर सोडलंत!”

“मला कुठं राहायचं होतं रे तिथं? भाडेकरूच शोधणार होतो. भाडं नसतं दिलं तरी चाललं असतं.”

 मी गाडी चालवत राहिलो.

थोड्या वेळानं मागून त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. “ऐक. सामान येईल त्या दिवशी त्यांची शेगडी कुठं लागणार? जेवण आपल्याकडून. तेवढं आईला विचार, पाच माणसांना तांदूळ किती घ्यायचा. मला एकाचंच माप येतं.”