मुद्रकाचा चालक

कोणतंही यंत्र माणसाशिवाय चालत नाही, आणि कोणताही माणूस आदेशाशिवाय चालत नाही. सरकारी कारभाराचा सारा डोलारा या दोन सत्यांवर उभा आहे. तो अजून कोसळलेला नाही, यावरूनच ती किती भक्कम आहेत हे कळतं. हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत ग्रामीण दाखले केंद्राचं विभागीय कार्यालय होतं. २००३ च्या पावसाळ्यात तिथे जे घडलं त्याला काही लोक गोंधळ म्हणतात. या लोकांनी फाईल वाचलेली नाही. फाईलमध्ये एकही चूक नाही.

ती फाईल पद्मनाभरावांनी उघडली. ते आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. राहायला धारवाडला मळमड्डीत, रोज सकाळी आठ चाळीसच्या बसने हुबळीत. एकोणतीस वर्षांपूर्वी ते टायपिस्ट म्हणून लागले होते, आणि कानडी, इंग्रजी दोन्ही मशिनींवर त्यांचा हात असा चाले की बाजूचे लोक काम थांबवून ऐकत बसत. पुढे बढती मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलात टायपिस्टची जागाच रद्द झाली. जुनं कानडी मशीन मात्र त्यांच्या टेबलाशेजारी खाकी कापडाखाली तसंच होतं, आणि दर शनिवारी पद्मनाभराव त्याला तेल घालत. (तेलाची नोंद ‘किरकोळ’ या सदरात आहे.)

जागा रद्द व्हायचं कारण प्रगती हे होतं. एप्रिलातच केंद्राला पाच संगणक आले, ते एकमेकांना वायरीने जोडले गेले आणि त्या पाचांत मिळून एक प्रिंटर बसवला गेला. सोबत परिपत्रक आलं: यापुढे हाताने लिहिलेला किंवा टाइप केलेला दाखला अवैध, फक्त संगणकावर छापलेलाच वैध. त्यामुळे बोगस दाखल्यांना आळा बसणार होता. आणि तो बसलाच. जून आणि जुलै या दोन महिन्यांत केंद्रातून एकही बोगस दाखला बाहेर पडला नाही, कारण दाखलाच बाहेर पडला नाही.

दोन जूनला, सोमवारी सकाळी लाइट गेले. आले तेव्हा पाचही पडद्यांवर इंग्रजीत एकच मजकूर होता: प्रिंटरचा ड्रायव्हर सापडत नाही.

कंत्राटावर लागलेली ऑपरेटर भार्गवी पद्मनाभरावांच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, ड्रायव्हर करप्ट झालाय.”

पद्मनाभरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “हळू बोला री. लेखी पुरावा आहे काय?”

“स्क्रीनवरच आलंय की, सर.”

यंत्रानेच लेखी दिलंय म्हटल्यावर कारवाई करणं भाग होतं. पद्मनाभरावांनी बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. कार्यालयीन पत्रात इंग्रजी शब्द टाळावेत असा नियम आहे आणि पद्मनाभराव घरी मराठी बोलत असले तरी त्यांच्या कानडी मसुद्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. ‘प्रिंटर’चं त्यांनी ‘मुद्रक’ केलं, ‘ड्रायव्हर’चं ‘चालक’. चालक हा शब्द कानडीत आणि मराठीत एकच असल्यामुळे भाषांतरात काही हरवलं असं म्हणायलाही जागा नाही. पत्रात होतं: मुद्रकाचा चालक आज सकाळपासून सापडत नाही, तो भ्रष्ट झाल्याचं समजतं, सबब काम ठप्प आहे, तरी चालक त्वरित मिळावा.

उत्तर अवघ्या सोळा दिवसांत आलं. (विभागाचा हा विक्रम आहे.) त्यात सदर चालकाचं पूर्ण नाव, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा पत्ता, यापूर्वी न सांगता गैरहजर राहिला आहे काय आणि त्याच्या ताब्यातलं सरकारी साहित्य कुठे आहे, अशी विचारणा होती. पद्मनाभरावांनी भार्गवीला एकेक प्रश्न विचारून उत्तरं भरली. नाव: यंत्र सांगत नाही. रुजू: एप्रिल. पत्ता: कंट्रोल पॅनेल. यापूर्वी गैरहजर: होय, पण मशीन बंद करून चालू केलं की परत येत असे.

इथे कुणी पद्मनाभरावांना मूर्ख ठरवील, तर तो अन्याय होईल. पत्ता भरतानाच भार्गवीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. ड्रायव्हर हा माणूस नाही, ती एक गोष्ट असते, संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारी, आणि ती एका सीडीत असते. सीडी घातली की दहा मिनिटांचं काम. पद्मनाभरावांना ते पटलं. पण तोवर फाईल आवक-जावकच्या तीन रजिस्टरांत चढली होती, आणि चढलेली फाईल ‘चुकून’ असं लिहून उतरवायची म्हणजे एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ‘चुकून’ लिहायचं. त्यांनी पेन उचललं, जरा वेळ धरलं आणि ‘पुढील कार्यवाहीस सादर’ असं लिहून खाली ठेवलं.

सीडीचा त्यांनी प्रयत्न केला नाही असं मात्र नाही. ती कार्यालयातच होती, भांडारपाल जयतीर्थांच्या कपाटात. जयतीर्थांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडून दाखवलं. नोंद होती: ‘चालक, चकती, नग १’. चालकाची वस्तू असल्याने ती वाहन साहित्याच्या पानावर चढली होती. वर जॅक, खाली पाना.

“वाहन साहित्य फक्त चालकाच्या सहीवर,” जयतीर्थ म्हणाले. “तुम्हाला दिली तर उद्या ऑडिटवाले मला विचारतील, हेडक्लार्क गाडी चालवतात काय म्हणून. चालक आणा, सही करू द्या, घेऊन जाऊ द्या. माझं काही म्हणणं आहे काय?”

काहीच म्हणणं नव्हतं. भार्गवीने बाहेरच्या इंटरनेट कॅफेतून ड्रायव्हर आणायची तयारी दाखवली. पण बाहेरून चालक घेणं ही मागच्या दाराने केलेली भरती झाली असती, आणि तिथे आरक्षणाच्या रोस्टरचा प्रश्न येतो.

या काळात प्रलंबित अर्जांची संख्या १,१४६ झाली. त्यातला अर्ज क्रमांक ३१२ अळणावरकडच्या एका खेड्यातल्या तानूबाईंचा होता. त्यांच्या मुलीला, रूपाला, धारवाडात नर्सिंगला जागा मिळाली होती. फक्त रहिवासी दाखला हवा होता, एकतीस जुलैपर्यंत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तानूबाई दर सोमवारी दोन बस बदलून येत, खिडकीशी उभ्या राहत आणि ‘चालक आल्यावर’ हे उत्तर घेऊन परत जात. असे नऊ सोमवार. तिसऱ्या सोमवारी त्यांनी विचारलं, “चालक कुठल्या गाडीनं येतोय, सायेब? आमच्या बाजूचा असला तर मीच घिऊन येते की.” खिडकीतले सगळे हसले. पद्मनाभरावही हसले, आणि दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही.

बेंगळुरूने पंचवीस जुलैला निर्णय घेतला, आणि निर्णय दूरदृष्टीचा होता. केंद्राची एक जीप होती. ती १९९६ साली लिलावात निघाली. चालकाचा लिलाव करता येत नसल्यामुळे तिचे चालक पुंडलिक सात वर्षं अमरगोळला, बाजार समितीजवळच्या रिकाम्या शेडमध्ये जीपच्या जागेची राखण करत होते. एका बाजूला चालक नसलेलं यंत्र, दुसऱ्या बाजूला यंत्र नसलेला चालक. मुख्य कार्यालयाने एका सहीत दोघांचं जमवून दिलं. पुंडलिकांची नेमणूक मुद्रकावर झाली.

पुंडलिक एकतीस जुलैलाच हजर झाले. गुरुवार होता. येताना त्यांनी प्रिंटरसाठी झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची आणली होती. नवी गाडी ताब्यात घेताना ते नेहमी आणत. पण चालकाला रुजू होण्याआधी नेत्रतपासणीचा अहवाल लागतो. डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी भेटणार होते. तोवर त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्याच बाकावर तानूबाई बसल्या होत्या, कारण हा शेवटचा दिवस होता. आज सोबत रूपाही होती, नवी वही छातीशी धरून.

दोघांचं बोलणं निघालं. गावं शेजारची निघाली. पुंडलिक उठून आत आले.

“अण्णा,” ते पद्मनाभरावांना म्हणाले, “सही तर हवी. मी करतो की आत्ता. माझंच नाव आहे आदेशात.”

“रुजू झाल्याशिवाय सही चालत नाही, पुंडलिक.”

“ती पोरगी बसलीय हो बाहेर.”

“ठाऊक आहे मला.”

मागोमाग तानूबाई दारात आल्या. त्यांनी प्रिंटरकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष खाकी कापडाकडे गेलं. कुणीतरी धूळ पुसताना ते अर्धं सरकवलं होतं आणि खाली चकचकीत अक्षरं दिसत होती.

“सायेब, हे मिशीन हाय की हितं. ह्येच्यावर मारून द्या. ह्ये चालतंय न्हवं?”

मशीन चालत होतं. रहिवासी दाखला म्हणजे चौदा ओळी, पद्मनाभरावांच्या हाताला चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला शिक्का, आणि शिक्का त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. नर्सिंगवाल्यांना नवं परिपत्रक पोचलं आहे की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. भार्गवीने कोरा कागद उचलून त्यांच्यासमोर ठेवला. पद्मनाभरावांची बोटं टेबलावर हलली. चौदातल्या पहिल्या दोन ओळी त्यांनी लाकडावर वाजवल्या, हे भार्गवीने पाहिलं. त्यांना रडू येईल असं तिला वाटलं.

“चालतं हो,” ते शेवटी म्हणाले. “पण त्याची जागा रद्द झाली.”

तानूबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना वाक्य समजलं नसावं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “अहो बाई, बाजूला व्हा ना. नियम असतात. मागे किती लोक खोळंबलेत बघा की!” तानूबाई बाजूला झाल्या.

सोमवारी, चार ऑगस्टला पुंडलिकांचे डोळे दूरचं पाहायला उत्तम असल्याचं सिद्ध झालं. सकाळी अकराला ते रुजू झाले. अकरा पाचला जयतीर्थांनी सीडी दिली, अकरा पंधराला भार्गवीने ती बसवली आणि प्रिंटर सुरू झाला. पद्धतशीर गेलं की काम होतं, हे पुन्हा एकदा दिसून आलं. दोन दिवसांत १,१४६ दाखले छापले. अर्ज क्रमांक ३१२ ‘निकाली’ झाला. दाखला सुरेख आला होता, कडेला बारीक वेलबुट्टी. तो न्यायला कुणी आलं नाही, म्हणून पद्मनाभरावांनी तो टपालाने पाठवला. पाकिटावरचा पत्ता त्यांनी जुन्या मशीनवर टाइप केला. पाकिटाला परिपत्रक लागू नव्हतं.

पुढे ही पद्धत कायम झाली. पुंडलिक प्रिंटरचं लॉगबुक ठेवू लागले. किलोमीटरच्या रकान्यात पानं, ‘प्रवासाचा उद्देश’ या रकान्यात अर्जदाराचं नाव. आणि प्रत्येक फेरीला चालकाची सही लागते, म्हणून दाखल्याच्या तळाशी उजवीकडे एक रेघ आली: ‘चालकाची सही’. ती नसेल तर दाखला अवैध. अर्ज ३१२ सारखी प्रकरणं पुन्हा होऊ नयेत म्हणून हा बदल केल्याचं टिपणीत म्हटलं आहे. अर्जदारांपैकी किती जणांनी ‘ही कसली सही?’ असं विचारलं, याचीही आकडेवारी ठेवलेली आहे. सात वर्षांत एकही नाही.

तुमच्या कपाटात असा दाखला असेल तर काढून पाहा. रेघेवर पुंडलिकांची सही असेल, जरा तिरकी. ती मिळावी म्हणून तुम्ही दोनदा खेपा घातल्या असतील, आणि मिळाल्यावर आभारही मानले असतील. फाईलमध्ये फक्त एक गोष्ट अजून अपूर्ण आहे. एकतीस जुलैला रांगेतून ‘बाजूला व्हा’ म्हणणाऱ्याचं नाव लिहायचं राहून गेलं. पद्मनाभरावांनी त्या जागी रेघ सोडली आहे. त्या दिवशी तुम्ही रांगेत कितवे होता?