कोपऱ्यावरच्या दिव्याचं सर्किट

कोपऱ्यावरचा दिवा लावण्याचं सर्किट खांबेट्यांच्या घरातल्या माणसांचं बनलेलं होतं. रोज संध्याकाळी प्रत्येकाला क्रमानं विचारलं जाई, "दिवा लावायचा?" हो म्हटलं की प्रश्न एका बाणानं पुढं जाई, नाही म्हटलं की दुसऱ्या. शेवटी एक आला तर दिवा लागे, शून्य आलं तर अंधार.

दरवर्षी नगरपालिकेच्या ईशानी गाडेकर पडताळणीला येत आणि अंगणात खडूनं आकृती काढत: प्रत्येक माणसाचा एक गोल आणि त्यातून निघणारे हो-नाहीचे दोन बाण. ज्यांचे बाण तंतोतंत सारखे, त्यांना एकत्र करायचं. ज्याचे दोन्ही बाण एकाच जागी जातात, त्याला काढायचं. गेल्या वर्षी घरधनी विश्रामरावांच्या दोघी बहिणी एकत्र झाल्या. तेव्हापासून घरात एकच ताई होती. तिला चष्मा एकच पुरे, पण तिचं स्वतःशी पटत नसे. ती नाही म्हणाली तर थेट अंधार, हो म्हणाली तर प्रश्न विश्रामरावांकडे.

यंदा ईशानीबाई विश्रामरावांच्याच गोलापाशी थबकल्या.

"काका, तुमचं हो काकूंकडे जातं. नाहीसुद्धा काकूंकडेच. तुम्हाला काढावं लागेल."

विश्रामराव गोलाजवळ आले. "काढायचं म्हणजे?"

"गोल पुसायचा आणि ताईंचा बाण काकूंना जोडायचा. दुखत नाही हो."

"आणि मी?"

"तुम्ही नसाल. तुमच्यामुळं दिव्यात फरक पडला, अशी एखादी संध्याकाळ दाखवा, मग राहू देते."

लग्नापासून ते मुकाट्यानं हो म्हणत आले होते. एकही संध्याकाळ आठवेना. ईशानीबाई ओला फडका घेऊन वाकल्या.

"थांबा!" त्यांची बायको सुमतीबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. "आजपासून हे हो म्हणाले, तरच मी हो म्हणेन."

"काकू, ऐन पडताळणीत उत्तर बदलता?"

"माझं उत्तर आहे, मी बदलीन. यांचा आवाज आधी कानावर पडल्याशिवाय मला काही ठरवताच येत नाही. आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

ईशानीबाईंनी खडू पुन्हा उचलला. मग विश्रामरावांचा नाहीचा बाण पुसून थेट शून्याशी नेला. आकृती बरोबर होती.

संध्याकाळी विश्रामरावांची पाळी आली. ते उठले, फाटकापर्यंत गेले. आभाळ पाहिलं, रस्ता पाहिला. कोपऱ्यावर भाजीवाली तराजू धरून खोळंबली होती.

"किती वेळ लावतोय विश्राम!" ताई म्हणाली. "लावू दे की," तिनंच उत्तर दिलं.

"हो," विश्रामराव म्हणाले.

"हो," सुमतीबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या कोपऱ्यावर दिवा जरा उशिरा लागतो.